थकलेला चिखल

फार वर्षांपूर्वी एका गावाच्या उताराला लोकांनी उथळ तळं खणून त्यात पाणकणीस लावलं. गोठ्यांचं आणि खत घातलेल्या शेतांचं पाणी तिथे रेंगाळायचं. पाणकणीस मुळांवाटे चिखलाला श्वास पुरवायचं आणि चिखलातले बारीक जीव पाण्यातलं खत खाऊन त्याची साधी हवा करून सोडायचे. मग ते पाणी खालच्या तलावात जायचं.

एक दिवस चिखल तळ्याच्या बांधात राहणाऱ्या खेकड्याला म्हणाला, "थकलो रे. रोज तीच घाण. खेकडेदादा, बांधाला भोक पाड. जाऊ दे पाणी एकदाचं."

"आणि खालच्यांचं काय?" पाणकणसाने विचारलं.

"त्यांनी कधी आपली विचारपूस केली?"

पाणकणीसही दमलं होतं. त्याने खेकड्याला अडवलं नाही. खेकड्याने भोक पाडलं आणि पाणी न थांबता खाली धावलं.

महिन्याभराने एक म्हातारी मासोळी धापा टाकत भोकापाशी आली. "तलावावर हिरवी साय धरलीय," ती म्हणाली. "माझी पिल्लं श्वास घ्यायला वर आली, ती परत खाली गेलीच नाहीत."



"खेकडेदादा, भोक बुजव," चिखल म्हणाला.

"थकवा गेला का?" खेकड्याने विचारलं.

"नाही," चिखल म्हणाला आणि वरून येणाऱ्या पाण्याला त्याने जागा करून दिली.