थांबलेल्या हातोड्यांची दुपार

एका गावात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची एक आळी होती, आणि ती दिसायच्या आधी ऐकू येई. चाळीस घरं, चाळीस ओटे आणि प्रत्येक ओट्यावर ठण् ठण् ठण्. हंडे, घंगाळं, बंब, तपेल्या. तांबं असं ठोकून ठोकून मठारलं की भांड्याला बळ येतं आणि चकाकीही येते. त्या आळीची भांडी पंचक्रोशीत नावाजलेली होती, त्यात वाद नाही.

पण आवाजाची एक खोड असते. शेजारच्या ठणठणाटात आपला घाव ऐकू येईना, म्हणून एकाने जड हातोडा घेतला. मग शेजाऱ्याला स्वतःचा घाव ऐकू येईना, त्याने आणखी जड घेतला. असं होता होता आळीतला सगळ्यात हलका हातोडा पूर्वीच्या सगळ्यात जड हातोड्याएवढा झाला आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

माणसं वाईट नव्हती हो, फक्त ओरडायची. "जेवायला या" हेही ओरडून आणि "बरं नाही का वाटत?" हेही ओरडून. नवी सून आली की महिनाभर रडायची, मग तीही ओरडायला शिकायची. झोप कुणालाच धड लागत नसे. डोकी ठणकत, छाती धडधडे, मुलं उशिरा बोलत आणि चाळिशी यायच्या आत तांबटाचे कान जात. त्याला आळीत 'कानात तांबं चढलं' असं म्हणत आणि तेही अभिमानाने. काय म्हणावं अशा अभिमानाला!

आळीचा एक नेम होता. हातोडा कधी मुका राहू द्यायचा नाही. रात्रीसुद्धा दहा घरं पाळीपाळीने ठोकत बसायची. हातोडे थांबायचे ते फक्त कुणी मेलं तर. प्रेत उचललं की थांबायचे आणि माणसं नदीवरून परतली की पुन्हा सुरू. त्यामुळे आळीत शांतता म्हणजे मरण, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

त्या आळीत एका तरण्या तांबटाला मुलगी झाली. नाव ठेवलं मंजुळा. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून "कुर्रर्र" केलं आणि नाव असं गर्जून सांगितलं, की पाळण्याचा दोर हलला. मंजुळा मात्र छताकडे बघत राहिली. "किती शांत पोर!" असं म्हणत बायका गूळ-खोबरं घेऊन घरी गेल्या.

पाच महिने झाले. एके दिवशी पाळण्याशेजारी घंगाळ गडगडत पडलं आणि मंजुळाची पापणीही हलली नाही. आईने ते पाहिलं. रोज पाळण्याशी बसून ती अंगाई म्हणे, पण लेकीने कधी आवाजाकडे मान वळवली नव्हती. तिने नवऱ्याचा हात धरला आणि त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, आपल्या पोरीला ऐकू येत नाही बहुतेक!"

तांबटाच्या हातातला हातोडा गळाला. कान जाणं त्याला ठाऊक होतं, पण ते आयुष्य ठोकून झाल्यावर. पाळण्यातल्या जिवाने कुठे काय ठोकलं होतं?

नदीपलीकडून म्हातारी सुईण आली. जिभेची तिखट, हाताची मऊ. तिने मंजुळाचे कान पाहिले, गाल कुरवाळला आणि मग हात झाडत म्हणाली, "मला काही कळत नाही."

"म्हणजे?" तांबट घाबरला.

"अरे, एवढ्या गोंगाटात हिला ऐकू येतंय की नाही, ते कसं कळायचं? चिखलात बोट घालून पाणी गोड की खारं ते सांगू का? माझ्या घरी नेलं असतं, पण तुमचे हातोडे नदी ओलांडून माझ्या चुलीपर्यंत येतात. हिचं आजोळ चार मुक्काम लांब, तिथवर तान्हं पोर नेणार कोण? तेव्हा घटकाभर आळी गप्प करा, मग बघू."

घटकाभर! ते ऐकून आळीची माणसं कानावर हात ठेवून मागे सरली. त्याआधी कधी ठेवले असते तर बरं झालं असतं, पण असो.

"जित्या पोरीसाठी हातोडे थांबवायचे? तिचं मरण बोलावतोस काय?" आळीचा म्होरक्या असलेला थोरला तांबट गरजला. सत्तरी उलटलेला, भांड्याचा नाद बोटाच्या टोकावर ओळखणारा जाणता माणूस. त्याचा शब्द म्हणजे आळीचा शब्द.

तरणा तांबट हात जोडून उभा राहिला. त्याच्याही मनात भीती होतीच. हातोडे थांबवले आणि पोरीला खरंच काही झालं तर? न थांबवावे तर ती ऐकते की नाही, हे कळणार कसं? त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मंजुळाला छातीशी धरलं होतं आणि ती मान हलवत होती, हो म्हणून.

"थोरले बाबा, अपशकुन झाला तर तो माझ्या डोक्यावर," तांबट ओरडून म्हणाला. "पण एवढं करा."

म्हातारा हटेना. तेव्हा सुईण त्याच्या ओट्यावर चढली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "दादा, तुम्ही गेलात की हातोडे थांबतील ना?"

"थांबतील. का नाही थांबणार? दुपारभर थांबतील."

"तेव्हा तुम्ही ऐकायला असाल का?"

म्हाताऱ्याने मान हलवली, नाही म्हणून.

"मग तुमच्या वाटणीची ती दुपार आजच या पोरीला द्या. तुमच्या काही कामाची नाही."

म्हाताऱ्याने मंजुळाकडे पाहिलं. मग त्याने हातोडा उचलला आणि अलगद ओट्यावर आडवा ठेवला. "घे बाई," तो म्हणाला. "माझ्यातली घे."

ते पाहून शेजारच्याने हातोडा ठेवला. मग त्याच्या शेजारच्याने. एकेक करत चाळीस हातोडे आडवे झाले.

आणि कुणी मेलेलं नसताना आळी शांत झाली. आधी तर लोक घाबरून एकमेकांचे चेहरेच बघत बसले. मग कुणाला तरी पिंपळाची सळसळ ऐकू आली. एका घरात दूध उतू गेलं, ते चर्र वाजलं आणि सासू-सुना दोघी दचकून हसल्या. चिमण्या आळीत होत्या, हे तर कित्येकांना तेव्हाच कळलं.

सुईणीने मंजुळाला वडिलांच्या मांडीवर बसवलं आणि आईला मागे दहा पावलं उभं केलं. "हाक मार. ओरडू नकोस."

आईने हाक मारली.

वडिलांच्या गळ्यातल्या माळेशी खेळणारी मंजुळा थांबली. मुठीतली माळ तिने सोडली, भुवया उंचावल्या आणि हळूहळू, अगदी हळूहळू मान वळवून आईकडे पाहिलं. मग खुदकन हसली.

आळीत बायकांनी डोळ्यांना पदर लावले. थोरला तांबट पोरासारखा रडला. आई धावत आली आणि लेकीचे पटापटा मुके घेऊ लागली.

फक्त तांबट इकडेतिकडे बघत होता. त्याच्या कानात नुसतं घूं घूं चाललं होतं. "का गं," त्याने विचारलं, "तू हाक मारलीस का?"

"मारली की. तिचं नाव घेतलं," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"जरा मोठ्याने घ्यायचंस."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. आळीच्या टोकाला बसलेल्या आजीबाईही पोरीचं नाव घेऊन हसत होत्या. तिथवर हाक पोचली होती. दहा पावलांवर बसलेल्या बापाला ती आली नव्हती.

तांबट मग समजला.  त्याने स्वतःच्या कानांना हात लावला आणि सुईणीकडे पाहिलं.

"गेलेले कान परत येत नाहीत, बाळा," ती त्याचा हात थोपटत त्याच्या कानाशी म्हणाली. "पण उरलेले राखता येतात."

त्या दुपारनंतर मंजुळाला काही झालं नाही. उलट तिने बाळसं धरलं. मग भीती गेली आणि आळी शहाणी झाली. भट्ट्या आणि ओटे गावाबाहेरच्या माळावर गेले. भोवती मातीच्या जाड भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्या बाहेर करंज आणि कडुनिंब लागले. हातोडे पुन्हा हलके झाले, ठोकणाऱ्याच्या कानात कापसाचे बोळे आले आणि रात्रीची पाळी कायमची बंद झाली. भांड्यांची चकाकी तसूभरही कमी झाली नाही.

रोज दुपारी सगळे हातोडे आडवे ठेवायचा नवा नेमही पडला. त्या वेळी आई अंगाई म्हणायची. तांबट मंजुळाला मांडीवर घेऊन बसायचा आणि भांड्याचा नाद बघावा तशी बोटांची टोकं तिच्या पाठीवर टेकवायचा. ती हसली की ती थरथर त्याच्या बोटांना कळायची.

एकदा एका वाटसरूने त्याला खुणेने विचारलं, "तुला तर ऐकू येत नाही. मग काम टाकून कशाला बसतोस?"

तांबट लेकीकडे बघत म्हणाला, "ती ऐकते ना, ते मला दिसतं."

तात्पर्य: शांतता मेलेल्यांसाठी राखून ठेवू नये, ज्यांना अजून ऐकू येतं, त्यांना ती आजच द्यावी.