दयाळाची हाक

सांगितल्याशिवाय तुम्ही हलणार नाही, म्हणून सांगतो.

फार पूर्वी पाखरं गात नसत. तेव्हा दयाळाच्या घरट्यातला कापूस दिसेना, आणि त्यानं शेजारच्या साळुंकीला चारचौघांत चोर म्हटलं. ती मुकाट्यानं रान सोडून गेली.

"कापूस मीच अंड्यांखाली सारलाय," संध्याकाळी घरी आलेली बायको म्हणाली. "आता जा, पाया पडून या तिच्या."

साळुंकी कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पहाटे दयाळ झाडाच्या शेंड्यावर बसून चारी दिशांना ओरडू लागला, "चुकलो, साळूबाई."

चौथ्या दिवशी ती आली. "ऐकलं, भावजी. घसा बसेल आता."

पण तोवर बाकीच्या पाखरांना आपापलं चुकलेलं आठवलं होतं. तीही रोज पहाटे सुरू होतात. लोक त्याला गाणं म्हणतात.

बाळकू सुतारानं माझ्यावर जिच्या चोरीचा आळ घेतला, ती पटाशी त्याच्याच हत्यारांच्या पेटीत सापडून तीन वर्षं झाली. बाळकू अजून गप्प आहे.