कवड्या आणि मण्यार

एकदा एका विदुषीने मारलेला साप घेऊन दारात आलेल्या माणसाला मानाने खुर्ची दिली, आणि ते पाहणाऱ्या तिच्या शिष्येच्या मनात पुढे कित्येक दिवस सलत राहील असा प्रश्न उभा राहिला.

विदुषीचे नाव कुमुदिनीबाई. कोकणातल्या एका सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या पायथ्याशी, कातळात बांधलेल्या छोट्या घरात त्या राहत. वय शहात्तर. पाली, सरडे, घोरपडी आणि साप हे त्यांचे आयुष्य. नऊ वर्षांच्या असताना शाळेच्या वाटेवर करवंदीच्या जाळीत त्यांना हिरवागार हरणटोळ साप दिसला होता. त्याच्याकडे पाहत त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की शाळा सुटून मुले परत येऊ लागली. तेव्हा लागलेली ओढ पुढे कधी सुटली नाही. विद्यापीठात विभागप्रमुख म्हणाले होते, "सरपटणारे प्राणी हा काही मुलींचा विषय नव्हे." त्यावर बाईंनी नम्रपणे उत्तर दिले, "सर, सापांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही." त्या काळी या विषयात काम करणारी त्या भागात दुसरी स्त्री नव्हती. कापडी पिशवीत साप घेऊन त्यांनी एस.टी.ने प्रवास केला. फुरसे चावून डाव्या हाताची करंगळी कायमची ताठ झाली. पालींच्या दोन जाती त्यांच्यामुळे प्रथम जगाला ठाऊक झाल्या. गावकरी त्यांना नुसते 'बाई' म्हणत.

वृंदा नावाची तरुणी त्यांच्याकडे शिकायला आली, त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मुलगी हुशार, कष्टाळू, आणि सापांवर तिचे मनापासून प्रेम. उन्हाळ्याच्या अखेरीस एका सकाळी शेजारच्या वाडीतला भिकाजी गोताड नावाचा शेतकरी काठीच्या टोकाला एक मेलेला साप अडकवून अंगणात आला.

"बाई, मण्यार मारली. घरात शिरत होती."

वृंदाने एका नजरेत ओळखले. मण्यार नव्हे, कवड्या होता. बिनविषारी, निरुपद्रवी. ती रागाने पुढे झाली. पण बाई शांतपणे उठल्या. त्यांनी भिकाजीला खुर्ची दिली, पाणी दिले, मग साप मेजावर ठेवून भिंग त्याच्याच हातात दिले.

"बसा. मला अलीकडे बारीक दिसत नाही. पाठीच्या मधोमध जी खवल्यांची ओळ आहे, ती बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आहे का?"

भिकाजीने डोळा बारीक केला. बराच वेळ पाहिले. "नाही. सारखीच दिसतात."

"आणि पांढरे पट्टे कुठून सुरू झालेत?"

"मानेपासूनच."

"शेपटीकडे?"

"शेपटीकडे पुसट होत गेलेत."

बाईंनी मान डोलावली. "मग ही मण्यार नव्हे. हा कवड्या. पाली खातो. याच्या तोंडात विष नसतं."

 भिकाजीने हातातले भिंग हलकेच खाली ठेवले. बाईंनी जाड नोंदवही उघडली. सापाचे नाव, दिवस, जागा, लांबी लिहिली, आणि संग्राहक या रकान्यात ठळक अक्षरांत 'भिकाजी गोताड' असे लिहून ते त्याला वाचून दाखवले. तो निघाला, तेव्हा बाई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेल्या.

परत येताच वृंदा म्हणाली, "बाई, त्याने एका निष्पाप जिवाला मारलं. आणि आपण त्याचं नाव नोंदवहीत लिहिलंत. ज्या रकान्यात मोठमोठ्या अभ्यासकांची नावं आहेत, तिथं."

"साप कुणी आणला? त्यानेच ना?"

"पण मारून आणला."

"हो," एवढेच बोलून बाई कामाला लागल्या.

श्रावणात बाई डोळे दाखवायला तालुक्याला गेल्या होत्या. वृंदा घरी एकटी होती. भिकाजी पुन्हा आला. या वेळी खांद्यावर पोते होते, आणि पोत्यात सात फुटांची धामण. शेजाऱ्यांनी काठ्यांनी मारलेली. भिकाजीने ती पुरू न देता बाईंना दाखवायला आणली होती. पण हे सांगायला त्याला अवसरच मिळाला नाही.

"पुन्हा मारलात?" वृंदा म्हणाली. "तुम्हाला एकदा समजावून सांगितलं, खुर्चीत बसवलं, तरी? धामण तुमच्या शेतातले उंदीर खाते. तिला मारणं कायद्याने गुन्हा आहे. मी वनखात्याला कळवलं तर तुम्ही तुरुंगात जाल. लाज वाटायला हवी."

भिकाजीने पोते पायरीवर ठेवले आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

दुपारी बाई परतल्या. वृंदाने घडले ते सांगितले. काही लपवले नाही, कारण आपले चुकले असे तिला वाटतच नव्हते. बाईंनी धामण पोत्यासह उचलली, भिंग आणि मोजपट्टी पिशवीत टाकली, छत्री घेतली. "चल," म्हणाल्या.

वाडी दीड कोस दूर. चिखलाची वाट. शहात्तर वर्षांची ती वृद्धा थांबत थांबत चालत होती, आणि मेलेल्या सापाचे ओझे वृंदाला घेऊ देत नव्हती. भिकाजी ओट्यावर बसला होता. तो उठला, पण 'या' म्हणाला नाही.

"आज माझ्या घरून तुम्ही पाणी न पिता गेलात," बाई म्हणाल्या. "म्हणून मी तुमच्याकडे पाणी प्यायला आले."

"आमच्याकडचं पाणी तुम्हाला चालेल का बाई? आम्ही गुन्हेगार माणसं."

"साप माझ्याकडे आणलात, तर त्याचं मोजमाप करायचं राहिलं. ते तुमच्याशिवाय कसं होणार?"

भिकाजीच्या बायकोने तांब्या आणला. बाई जमिनीवरच बसल्या आणि धामण अंगणातल्या छपराखाली पसरली. हळूहळू शेजारपाजारचे लोक जमले. ज्यांनी धामण मारली होती, तेही आले, आणि ती भिकाजीने नव्हे, आपण मारली, असे त्यांनीच सांगितले. बाईंनी भिंग भिकाजीच्या हाती दिले, त्याच्याकडून खवले मोजून घेतले. मग चुलीतला कोळसा मागून ओट्याच्या फरशीवर दोन साप काढले. एक कवड्या, एक मण्यार. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध त्यांनी सहा कोनांच्या मोठ्या खवल्यांची ओळ काढली. पट्टे मानेपासून नव्हे, बरेच मागून सुरू केले आणि शेपटीपर्यंत ठसठशीत नेले.

"ही चावली तर दुखत नाही," त्या म्हणाल्या. "सूज येत नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. माणूस झोपेत असतो. उठतो तो पोट दुखतं म्हणत. मग पापण्या जड होतात. अशा वेळी एक क्षणही दवडायचा नाही, थेट इस्पितळ गाठायचं."

परतीच्या वाटेवर ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बाई दम खायला बसल्या. वृंदा उभीच होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण मन अजून वळले नव्हते.

"बाई, धामण त्याने मारली नव्हती खरी. पण बाकी मी बोलले त्यात खोटं काय होतं?"

"काहीच नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं." बाईंनी छत्री मिटली. "तुझ्या वयाची असताना मीही असंच खरं बोलले होते. पलीकडच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्याने अजगर मारला होता. सगळ्या गावासमोर मी त्याला नको नको ते बोलले. त्यानंतर चार वर्षं त्या खोऱ्यातून माझ्याकडे एकही मेलेला साप आला नाही. मला वाटलं, लोकांनी साप मारणं सोडलं. एका सभेत मी हे अभिमानाने सांगितलंसुद्धा. पुढे कळलं, ते पूर्वीसारखेच मारत होते. मारून पुरत होते. फक्त मला सांगत नव्हते. त्याच चार वर्षांत तिथली एक बाळंतीण मण्यार चावून गेली. साप कोणता, ते घरात कुणाला कळलं नाही. मी तेव्हा त्याच खोऱ्याच्या तोंडाशी राहत होते, पण विचारायला माझ्याकडे कुणी आलं नाही."

पाऊस थांबला होता. ओढ्याचे पाणी मोरीखालून गढूळ वाहत होते.

"भिकाजी पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्या काठीवर मेलेला साप होता आणि मनात भीती होती," बाई पुढे म्हणाल्या. "साप तर हातचा गेलेलाच होता. त्याच्यासाठी मी काही करू शकत नव्हते. भीतीचं मात्र काही करता येण्यासारखं होतं. माणूस आपल्या पायांनी आपल्या दारात येतो, तेव्हा तो अर्धा शिष्य झालेला असतो, वृंदा. उरलेला अर्धा आपण त्याला कसं बसवतो, त्यावर ठरतो."

वृंदाने ऐकले. पटले असे मात्र ती म्हणाली नाही. बाईंनीही विचारले नाही.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी भिकाजी धापा टाकत फाटकाशी आला. बाई पडवीत होत्या, वृंदा नोंदी लिहीत होती.

"बाई, शेजारची शेवंता. पहाटेच पोटात कळा यायला लागल्या. सगळे म्हणाले पित्त झालं, लिंबू द्या. कुणी म्हणालं भगताला बोलवा. मी गेलो तर तिच्या पापण्या मिटत होत्या, बोलणं जड आलेलं. अंगावर खूण काहीच नाही. मी तिचं अंथरूण उचललं. वाकळेच्या घडीत होती. पट्टे मानेपाशी नव्हते. पाठीवर मोठे खवले, मधोमध. मण्यार."

"शेवंता कुठं आहे?" बाईंनी विचारले.

"रिक्षात घालून तालुक्याला पाठवली, तिचा नवरा आणि माझी बायको बरोबर आहेत. डॉक्टरला मण्यार म्हणूनच सांगा, म्हटलं. आत्ता तिथून फोन आला. इंजेक्शन सुरू केलंय, श्वासाला नळी लावलीय. वेळेत आणली म्हणाले." त्याने घाम पुसला. "लोक काठ्या घेऊन आले होते. मी मारू नाही दिली. वर घमेलं पालथं घालून धोंडा ठेवलाय. आता तिचं काय करायचं, ते विचारायला आलो."

बाईंनी वृंदाकडे पाहिले. "तू जा. माझे पाय तेवढे चालायचे नाहीत."

वृंदाने साप उचलायची आकडी आणि पिशवी घेतली. दोघे वाडीच्या वाटेला लागले. मग ती म्हणाली, "भिकाजीकाका, श्रावणात मी तुम्हाला फार वाईट बोलले. तुमचं म्हणणं ऐकूनही घेतलं नाही. मला माफ करा."

"बोललात खरं," भिकाजी म्हणाला. "मी ठरवलं होतं, त्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. पण म्हातारी चिखल तुडवत आली. मग काय करणार?"

घमेल्याखाली मण्यार वेटोळे घालून, डोके अंगाखाली दडवून निमूट पडली होती. वृंदाने तिला अलगद आकडीवर घेऊन पिशवीत सोडले. आजूबाजूचे लोक श्वास रोखून पाहत होते. शेवंताची सासू दाराला टेकून रडत होती. कुणी तिला सांगत होते, की सून वाचेल. तिसऱ्या दिवशी नळी निघाली आणि ती खरोखरच वाचली.

पिशवीची गाठ मारून वृंदा वाडीबाहेर आली. भिकाजी बरोबर होताच. सड्याच्या उतारावर एका दगडी बांधापाशी ती थांबली. भरपूर कपारी होत्या, जागा तिला चांगली वाटली. ती पिशवी खाली ठेवणार, तोच भिकाजी म्हणाला,

"इथं नको. दुपारी गुराखी इथं सावलीला बसतात. कुणाला चावली तर माणूसही जाईल आणि ही पण जाईल. पलीकडे घळ आहे. पाणी आहे, बेडूक आहेत, कुणी फिरकत नाही. तिथं हिला बरं पडेल."

वृंदा त्याच्याकडे पाहत राहिली. बिळे, कपारी आणि पाण्याच्या जागा तिने गेले काही महिने नकाशावर शोधल्या होत्या. हा माणूस त्या तळपायांनी ओळखत होता. आणि आता तो त्यात एका मण्यारीसाठी जागा शोधत होता.

"चला, दाखवा," ती म्हणाली, आणि त्याच्या मागून चालू लागली.

ज्याच्या हाती ज्ञान द्यायचे, त्याला आधी आपल्या शेजारी बसवावे लागते. त्याची मान खाली घालायला लावली, तर त्याला पुढचे काही दिसत नाही.