दोन द्राक्षमित्र

दोन्ही फाईलींचं नाव 'द्राक्षमित्र', दोन्हींवर हिरव्या घडाचं तेच चित्र, आणि अण्णासाहेब खराड्यांचा हट्ट असा, की दोन्हींपैकी एकही न उघडता खरी कोणती ते सांगायचं.

द्राक्ष बागायतदार संघानं पॅकिंग शेडच्या आवारात हवामानाचं यंत्र बसवलं होतं. पाऊस कधी येणार, धुकं कधी पडणार, ते त्याच्या ॲपवर आधी कळायचं. ॲप नवीन, अजून प्ले स्टोअरवर आलेलं नव्हतं, बाहेरूनच घ्यावं लागे. तेवढ्यात संघाच्या ग्रुपवर कुणीतरी एक फाईल टाकली, मागोमाग दुसऱ्या कुणी दुसरी. गुंडूभाऊंनी त्यातली एक उघडली आणि त्यांच्या फोननं आपल्या मनानं गावभर त्यांच्याच लग्नाच्या पत्रिका धाडल्या. गुंडूभाऊ एकसष्ट वर्षांचे, पाच नातवंडांचे आजोबा. सासुरवाडीची माणसं जीप भरून जाब विचारायला आली. त्या दिवसापासून त्या ॲपला कुणी बोट लावीना. इकडं माल तोडणीला आलेला आणि आभाळ रोज भरून येत होतं.

शेडमध्ये बैठक बसली. अण्णासाहेब संघाचे चेअरमन. एकदा बोलले की मागं हटणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला.

"ह्यात दोन्ही फाईली आहेत. न उघडता खरी ओळखायची आणि माझा चहा संपायच्या आत ॲप चालू करून द्यायचं. नाहीतर उद्या ते यंत्र उपटून टाकतो. आमचे वाडवडील आभाळाकडं बघूनच बागा करत होते."

कुणी पुढं होईना. घडातले खराब मणी कात्रीनं काढत बसलेली नजमा मुलाणी तेवढी उठली.

"मी देते करून."

"चुकलीस तर शेडवरचं काम गेलं म्हणून समज," अण्णासाहेब म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

नजमाचं घर तिच्याच मजुरीवर चालत होतं. पण उठल्यावर परत खाली बसायचं कसं? तिनं ओढणीला हात पुसले, फोन घेतला आणि दोन्ही फाईली पुसून टाकल्या.

"अगं, ओळख म्हटलं होतं, पूस म्हटलं नव्हतं."

"तुम्ही चहा घ्या, साहेब."

ती फोन घेऊन थेट आवारातल्या यंत्रापाशी गेली. मागोमाग बशी हातात धरून अण्णासाहेब, आणि त्यांच्यामागं सगळी बैठक. यंत्राच्या डब्यावर बनवणाऱ्या कंपनीची पत्र्याची पाटी होती. नजमानं तिच्यावरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, तुमचं ॲप तुम्ही आमच्या ग्रुपवर टाकलंय का?"

"नाही हो," पलीकडून इंजिनिअर बाई म्हणाल्या. "आम्ही फाईल कुणालाच पाठवत नाही. पाटीवर आमच्या वेबसाईटचा पत्ता आहे, फक्त तिथूनच घ्या."

नजमानं पाटीवरचा पत्ता एकेक अक्षर बघून फोनवर टाकला. फाईल उतरली, तोच फोननं इशारा दिला: हे ॲप अनोळखी ठिकाणाहून येतंय.

"बघ, फोनच नको म्हणतोय," अण्णासाहेब म्हणाले.

"वॉचमननं हटकलंच पाहिजे, साहेब. कुणाकडून आलंय ते आपण विचारून घेतलं, म्हणून ह्या एकाला सोडायचं." तिनं तेवढ्यापुरती परवानगी दिली. फोननं ॲप तपासलं आणि आत घेतलं. लगेच तिनं सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी पुन्हा बंद केली.

ॲप उघडलं. त्यानं विचारलं, बाग कुठं आहे ते बघू का? नजमानं हो म्हटलं.

"आणि माझे मेसेज?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"ते मागितले असते तर आल्या वाटेनं परत धाडलं असतं. पाऊस सांगायला तुमचे मेसेज कशाला वाचायला लागतात?"

पडद्यावर अक्षरं आली: उद्या दुपारनंतर पाऊस. मागं उभे असलेले बागायतदार तोडणीची माणसं बोलवायला फोन काढू लागले. पण अण्णासाहेबांनी बशी खाली ठेवली नाही.

"थांबा. मी सांगितलं होतं, दोन्हींतली खरी ओळखायची. हिनं ते सांगितलंच नाही. अट मोडली."

नजमानं फोन दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला.

"साहेब, तुमच्या दारात दोन माणसं आली. दोघांची मिशी सारखी, फेटा सारखा, आणि दोघंही म्हणतात, मीच तुमचा जावई. तुम्ही मिशा मोजत बसाल, का लेकीला हाक माराल?"

अण्णासाहेबांनी बशीतला एक घोट घेतला.

"लेकीलाच हाक मारीन की."

"मीही तेच केलं. लेक म्हणाली, दोघंही आपले नव्हेत."

अण्णासाहेब असे हसले की बशीतला उरलेला चहा धोतरावर सांडला. तसंच ओलं धोतर झटकत त्यांनी सेक्रेटरीला फर्मावलं, "ऑफिसात माझ्या शेजारी हिची खुर्ची टाक. पगार दुप्पट लिही. आणि संघातल्या सगळ्यांनी आपापले फोन घेऊन हिच्यापुढं रांग लावा. पहिले गुंडूभाऊ."

गुंडूभाऊ पुढं आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, आधी ते माझं लग्न तेवढं मोडून दे."