नवरदेवाचा सैल फेटा

तांबुळवाडी नावाच्या गावात श्रीरंग नावाचा एक भोळा माणूस राहायचा आणि पोटासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. भोळ्या माणसानं दुसरा कुठलाही धंदा करावा, हा करू नये. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो. श्रीरंगही सांगितलं तेवढंच करायचा. दोघं दिवसभर समोरासमोर बसायचे आणि त्यांच्यात शहाणं कोणीच नव्हतं.

शहाणपणाचं खातं घारपुरेसरांकडे होतं. सर काही वर्षं पुण्यात नोकरी करून आले होते, आणि तांबुळवाडीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांनी कंपनी काढली होती. कंपनीत श्रीरंग प्रोग्राम लिहायचा आणि काळिंदी त्यातल्या चुका शोधायची. तिला कधी रिकामं बसावं लागलं नाही. चुका दाखवता दाखवता ती त्याच्या प्रेमात पडली. घरी तिनं सांगितलं, लग्न करीन तर श्रीरंगशीच.

तिचे वडील, नाना, म्हणाले, "त्या बावळटात तू पाहिलंस काय?"

"नाना, तो जे बोलतो तेच करतो. असा दुसरा दाखवा."

नानांना दाखवता आला नाही. पण त्यांनी मनाशी ठरवलं, की पोरगा कुठं घसरतो ते बघायचं.

कंपनीला मंगल कार्यालयाचं काम मिळालं होतं. प्रोग्राममध्ये प्रत्येक लग्न म्हणजे एक ऑब्जेक्ट, माहितीचा एक डबाच. त्याला विचारलं, की त्यानं नवरा, नवरी आणि मुहूर्त सांगायचा, म्हणजे दारातल्या मोठ्या पडद्यावर ते दिसणार. श्रीरंगनं नवरे एकीकडे ठेवले, नवऱ्या एकीकडे ठेवल्या, मुहूर्त तिसरीकडे. मग नवऱ्यांची नावं तेवढी बाराखडीनं लावली. दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दारात भलत्याच्या नवरीशेजारी भलतीचा नवरा झळकला, आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या अंगावर धावून गेली.

सरांनी त्याला समोर बसवलं. "अरे शहाण्या, ज्यांचा एकमेकांशी संबंध आहे, त्यांना सुटं ठेवायचं नसतं. एकत्र बांधायचं. याला ट्यूपल म्हणतात. काय?"

"एकत्र बांधायचं," श्रीरंग म्हणाला. त्याला पटलं. आणि पटलेली गोष्ट तो कधी सोडायचा नाही.

त्याच संध्याकाळी नाना त्याचं घर बघायला यायचे होते. आई म्हणाली, "श्रीरंगा, चहाची पूड, साखर आणि दूध घेऊन ये रे पटकन." श्रीरंगनं वाटेत विचार केला. पूड, साखर, दूध. यांचा एकमेकांशी संबंध आहे. त्यानं तिन्ही एकाच पिशवीत ओतलं आणि वर घट्ट गाठ मारली.

नाना आले तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, "अरे मेल्या, हे काय आणलंस?" नानांनी पाणी पिऊन घेतलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून सरांनी कपाळाला हात लावला. "बांधायचं म्हणजे कालवायचं नाही रे! आत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. जेवणाचं पान बघ. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. हे मीठ आहे असं कुणी पानावर लिहून ठेवतं का? जागेवरून ओळखायचं. नाव विचारत बसायचं नाही."

"जागेवरून ओळखायचं," श्रीरंग म्हणाला. त्याला पटलं.

काळिंदीनं हट्ट धरला आणि साखरपुडा ठरला. श्रीरंग पूर्वी एकदा तिच्या घरी गेला होता, तेव्हा ती झोपाळ्याच्या डाव्या टोकाला बसली होती. या वेळी त्या टोकाला तिच्या गोदाआत्या बसल्या होत्या, जाडजूड, नाकात नथ, तोंडात पान. श्रीरंग अंगठी घेऊन सरळ झोपाळ्याकडे गेला. त्यानं तोंडाकडे बघितलंच नाही. आत्यांचा हात धरला आणि अंगठी सरकवली.

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या. "काळिंदी, हा काय करतोय गं?"

अंगठी काढायला साबण लागला, खोबरेल लागलं, शेवटी आत्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. काळिंदी हसून हसून भिंतीला टेकली होती. नाना मात्र हसले नाहीत. ते श्रीरंगजवळ आले. "जावईबापू, आजवर झालं ते झालं. लग्नात असला एक जरी घोटाळा केलात, तर माझी मुलगी तुम्हाला मिळणार नाही."

काळिंदीशिवाय जगायचं कसं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय त्याला काही यायचं नाही. तो धावतच सरांकडे गेला.

"माणसं उठतात, बसतात," सर म्हणाले. "त्यांच्या जागा कशा धरून चालशील? ट्यूपलमध्ये काहीच हलत नाही. एकदा बांधलं की आतलं काही बदलायचं नाही. बदल करायचाच झाला, तर सगळंच्या सगळं नवीन बांधायचं आणि जुनं टाकून द्यायचं."

"नवीन बांधायचं, जुनं टाकून द्यायचं." त्याला फारच पटलं.

पुढच्या आठवड्यात सरांच्या घरी वास्तुशांत होती. सरांनी हौसेनं श्रीरंगला वाढायला उभं केलं. पानं कशी वाढली होती म्हणता! मिठाच्या जागी मीठ, लिंबाच्या जागी लिंबू. सर पाहुण्यांना सांगत होते, "माझा विद्यार्थी आहे."

मग सरांचे सासरे म्हणाले, "जरा मठ्ठा आण बाळा."

श्रीरंगनं त्यांचं पान उचललं. त्यावर जिलब्या होत्या, मसालेभात होता, त्यांनी शेवटी खायला ठेवलेली भजी होती. सगळं त्यानं टोपलीत टाकलं. नवीन पान मांडलं, मिठापासून सुरुवात करून सगळं वाढलं आणि वाटीत मठ्ठा जास्त ओतला.

"अहो, मी अर्धा जेवलो होतो!"

"वाढलेलं पान बदलता येत नाही, आजोबा. नवीन घ्यावं लागतं."

शेजारच्यांना पोळी हवी होती. त्यांचंही पान गेलं. पलीकडच्या बाईंनी नुसती लिंबाची फोड मागितली आणि जिलब्यांना मुकल्या. दुसऱ्या पंगतीला वाढायला काहीच उरलं नाही. सरांच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, भुकेल्या पाहुण्यांसमोर केळी ठेवली आणि सरांकडे असं बघितलं, की सर मागच्या दारानं बाहेर गेले.

तिथं टोपली रिकामी करत असलेल्या श्रीरंगला त्यांनी गाठलं. "अरे, पान बदलतं! माणूस जेवतो, मागतो, टाकतो. ट्यूपल अशी घ्यावी, की जी एकदा बांधली की जन्मात बदलणार नाही. आता कसं सांगू तुला... हां! नवरा-नवरी! ती खरी ट्यूपल. पहिल्या जागी नवरा, दुसऱ्या जागी नवरी. झालं. कळलं?"

श्रीरंगचे डोळे चमकले. इतके दिवस तो चुकत होता, कारण चुकीच्या ठिकाणी वापरत होता. आता लग्नात चुकायचं काही कारणच नव्हतं.

लग्नाचा दिवस उजाडला. श्रीरंग नवरदेव झाला. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, खांद्यावर उपरणं. मुहूर्त जवळ आला आणि गोदाआत्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, तुझा फेटा सैल झालाय. बदलून घे बघू."

श्रीरंग थांबला. फेटा, मुंडावळ्या, उपरणं, नवरदेव. सगळं एकत्र बांधलेलं. यातला नुसता फेटा कसा बदलणार? एक जरी घोटाळा झाला तर काळिंदी मिळणार नव्हती. त्यानं नीट विचार केला. आपल्या मते नीटच केला.

पहिल्या रांगेत घारपुरेसर बसले होते. श्रीरंग नवा फेटा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. "सर, जरा इकडे या."

सरांना वाटलं, मानाचा फेटा. सरांना मानाचं कधी नको म्हणता आलं नव्हतं. त्यांनी डोकं पुढं केलं. श्रीरंगनं फेटा बांधला, उपरणं घातलं, आणि कपाळाला मुंडावळ्या बांधायला लागला.

"हे कशाला रे?"

"सगळं एकत्रच आहे सर. सुटं देता येत नाही."

"शाब्बास!" सर म्हणाले. "हेच मी शिकवलं."

श्रीरंगनं त्यांना पाटावर नेऊन उभं केलं. जुना नवरदेव टाकून द्यायचा होता, म्हणून तो स्वतः मांडवाबाहेर जाऊन उष्ट्या पत्रावळ्यांच्या टोपलीशेजारी बसला. अंतरपाट धरला गेला. भटजींनी डोळे मिटून मंगलाष्टकं सुरू केली. सरांना वाटलं, आता आपल्याबद्दल दोन शब्द बोलतील. दोन अष्टकं झाल्यावर त्यांना शंका आली. त्यांनी हात हलवले, ओरडून बघितलं. पण एकेक जण माइक धरून अष्टकं म्हणत होता, आणि मुंडावळ्यांआडचं तोंड कुणाला दिसेना. लोक म्हणाले, नवरदेव लाजतोय. टोपलीशेजारून श्रीरंगनं भरभरून अक्षता टाकल्या.

ताशा वाजला, अंतरपाट खाली आला. काळिंदीनं रीतीप्रमाणे मान खाली घातलेली होती. तिनं हार उचलला आणि सरांच्या गळ्यात घातला.

पहिल्या रांगेत सुलभावहिनी उभ्या राहिल्या.

ताशा थांबला. काळिंदीनं वर बघितलं. "सर? श्रीरंग कुठं आहे?"

"इथं!" श्रीरंग बाहेरून ओरडला. "फेटा सैल होता ना, म्हणून नवीन नवरदेव केला!"

नाना काठी शोधायला लागले. काळिंदीनं त्यांचा हात धरला. तिनं सरांच्या गळ्यातला हार काढला आणि तो घेऊन मांडवाबाहेर आली. मुंडावळ्यांआड तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती हसत होती. इतक्या चुका दुरुस्त केल्या, ही एक आणखी, एवढंच तिच्या मनात होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "चल पाटावर. अजून काही बिघडलेलं नाही."

श्रीरंगनं मान हलवली. त्याला फार वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. "आता कसं जमेल, काळिंदी? जोडी बांधून झाली. नवरा बदलायचा तर नवरीही नवीन लागणार."

काळिंदीच्या तोंडावरचं हसू गेलं. "काय म्हणालास?"

त्यानं मांडवाकडे तोंड करून विचारलं, "मंडळी, कुणाकडे दुसरी नवरी आहे का?"

काळिंदीनं हातातला हार त्याच्या अंगावर फेकला. "नाही इथं कुणी! जा, शोध जा!"

श्रीरंगला ते पटलं. त्यानं हार उचलला आणि शोधायला गेला.