सुकाणूची पाळी

फार पूर्वी एका सरोवराकाठी एक नावाडी राहायचा. सरोवर एवढं थोरलं की या काठावरून तो काठ दिसत नसे. वारा तिथला मोठा लहरी. रात्रभर पैलतीराकडे वाहायचा आणि उजाडलं की उलटा फिरायचा. म्हणून पलीकडे जायचं तर रात्रीच शीड उभारावं लागे, आणि सुकाणू धरायला दोघं लागत. पहिल्याची पाळी संपली की तो पाण्यात हात बुडवून झोपलेल्याच्या कपाळावर ठेवायचा. मग दुसरा उठायचा. असा तिथला रिवाज.

नावाड्याची बायको पैलतीरावरची. तिचे वडीलही नावाडी, त्यामुळे सुकाणू तिला लहानपणापासून ठाऊक. एकदा दिवस कलताना माहेरची नाव निरोप घेऊन आली, "आईचं काही खरं नाही. लेकीला एकदा डोळे भरून बघायचंय म्हणते. आज रात्रीच निघा."

दोघं अंधार पडताच निघाली. रडून रडून बायकोचे डोळे सुजले होते.

"तू जरा पड," नवरा म्हणाला.

"पडते. पण मृगाच्या चांदण्या माथ्यावर आल्या की मला उठवा हं. पुढची पाळी माझी."

"उठवतो गं."

मृग माथ्यावर आला. नावाड्याने पाण्यात हात बुडवला, पण तिचा थकलेला चेहरा पाहून त्याला गलबलून आलं. 'झोपू दे बिचारीला. एक रात्र मी एकटा निभावून नेईन की!' असं म्हणून त्याने हात धोतराला पुसला. त्यात माया होती, शंकाच नको. थोडी फुशारकीही होती, ती मात्र त्याची त्याला कळली नाही.

पहाटेचा गारवा दगाबाज. नावाड्याचा डोळा कधी लागला, सुकाणू हातातून कधी सुटलं, त्याला पत्ताच नाही. नाव भरकटली. दोघांना जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि वारा फिरला होता. पैलतीर दूरवर पुसटसा दिसत होता. शीड उतरवून दोघांनी हाताला फोड येईपर्यंत वल्ही मारली. पोचायला दुपार टळून गेली.

दारात म्हातारे वडील एकटेच बसले होते.

"सूर्य उगवेपर्यंत तग धरला गं तिने," ते म्हणाले. "सारखी विचारायची, शीड दिसतंय का?"

सगळं आटोपल्यावर नावाडी बायकोजवळ जाऊन बसला. मग तिने विचारलं, "मला का नाही उठवलंत?"

"तू किती दमली होतीस गं."

"दमले होते. पण आई माझी होती. तिच्यासाठी जागायचं होतं मला."

त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही, आणि तेच त्याला जन्मभर सलत राहिलं.

तात्पर्य: आपल्या माणसाचे कष्ट जरूर हलके करावेत, पण जे त्याचं त्यानेच करायचं असतं, ते मायेपोटीसुद्धा त्याच्याकडून काढून घेऊ नये.