सोनबाचं घरटं

विहिरींवर मोटा चालायच्या तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. घरटं नराने विणायचं आणि मादीने पसंत करायचं, असा त्यांचा रिवाज. सोनबा हा तिथला सगळ्यांत म्हातारा नर. त्या वर्षी त्याची चोच दुखायची, पंख लवकर थकायचे. तरी भाताची हिरवी पाती चिरून आणून त्याने आयुष्यातलं सगळ्यांत देखणं घरटं विणलं.

एक तरणी मादी आली. आत शिरली, गाठी ओढून पाहिल्या, लोंबकळून वजन देऊन पाहिलं. सोनबा श्वास रोखून फांदीवर बसून होता.

"काका, असं घरटं मी कुठेच पाहिलं नाही," ती बाहेर येत म्हणाली. "आमच्या झिपऱ्याला शिकवाल का? त्याचं सारखं सुटतंय."

सोनबाने आपल्या घरट्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "शिकवीन की."

झिपऱ्याला गाठ जमली, पण तोवर शेतातली पाती वाळून गेली होती. तो सोनबाच्या घरट्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमचं तर रिकामंच आहे. तुम्हाला एकट्याला फांदीही पुरेल." आणि त्याने पाती ओढायला सुरुवातही केली.

बाभळीवरचे सगळे बघत होते.

सोनबा हळूच जवळ सरकला.

"अरे, असं ओढू नकोस, पातं तुटेल," तो म्हणाला. "आधी ही वरची गाठ सोड."